शिक्षणाच्या नावाने नवी उचल

जामखेड तालुक्यात ‘उचल’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटाच्या कुशीतील वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम त्या कोयत्याला हंगामापूर्वी रोख रक्कम देतो. ती घरच्या लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात संपून जाते. आणि मग पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडावयाची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या माथी. पर्जन्यछायेतील या तालुक्याने हे चक्र पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. त्यातून सुटण्याची एकच वाट येथील बापाला ठाऊक होती. ती म्हणजे पोराच्या हातातला कोयता काढून तेथे पुस्तक देणे.

त्या पुस्तकाच्या वाटेवरही आता एक मुकादम येऊन उभा राहिला आहे. त्याचे कार्यालय वातानुकूलित आहे, भिंतीवर लंडनच्या घड्याळाचे आणि टोरांटोच्या मनोऱ्याचे चित्र आहे, आणि दारावरच्या पाटीत ‘परदेशी शिक्षण मार्गदर्शन’ अशी अक्षरे आहेत. एकेकाळी त्याचे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू वस्त्यांत होते. आता ग्रामीण तालुक्यांतील शिक्षकाचा, छोट्या व्यापाऱ्याचा, दहा-बारा एकरांच्या बागायतदाराचा मुलगाही त्याच्या दारात उभा आहे. मुलाचे विमान उडण्याआधीच गावच्या चौकात फ्लेक्स लागतो. वर चार पुढाऱ्यांची हसरी छायाचित्रे, मध्ये कोट घातलेला मुलगा, आणि खाली ‘उच्च शिक्षणासाठी लंडन येथे रवाना झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. वास्तविक तो लंडनला जात नसतो. लंडनपासून दूरच्या एखाद्या औद्योगिक शहरात, ज्याचे नाव फ्लेक्सवर शोभले नसते, अशा विद्यापीठात एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तो निघालेला असतो. परंतु अभिनंदन करणाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नसते. जाणे हेच कर्तृत्व ठरले आहे.

परदेशी जाऊन शिकण्यास विरोध करण्याचा प्रश्नच नाही. समुद्रगमन निषिद्ध मानणारा काळ या समाजाने केव्हाच मागे टाकला आहे, आणि तो मागे टाकला हे योग्यच झाले. ज्या मुलाला त्याच्या गुणवत्तेवर एखाद्या नामांकित विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन संशोधनासाठी बोलावले आहे, त्याने अवश्य जावे. प्रश्न त्याचा नाही. प्रश्न त्या हजारोंचा आहे, ज्यांना विद्येच्या नावाने नेले जाते आणि ज्यांच्या दिवसाचे तास मात्र विद्येखेरीज इतर सर्व गोष्टींत खर्ची पडतात. विद्यार्थी परदेशात नेमका कसा जगतो, हे गावाकडच्या आई-बापाला कोणी सांगत नाही. मुलगाही सांगत नाही.

इंग्लंडमधील अशा एका सामान्य विद्यार्थ्याचा दिवस पाहावा. तीन खोल्यांच्या घरात सहा-सात मुले राहतात. कोणी तेलंगणाचा, कोणी पंजाबचा, कोणी गुजरातचा. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक. त्यामुळे भात केव्हा शिजवावयाचा आणि अंघोळ केव्हा करावयाची याचेही वेळापत्रक. आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्ग असतात. व्याख्याने फार नसतात. उरलेला वेळ ग्रंथालयात बसून स्वतः वाचावयाचा, अशी तेथील शिक्षणाची रीत आहे, आणि ती उत्तम रीत आहे. परंतु तो ‘उरलेला वेळ’ या मुलाजवळ उरतच नाही. रात्री दहा वाजता त्याला शहराबाहेरच्या गोदामात हजर व्हावयाचे असते. तेथे सरकत्या पट्ट्यावरून येणारी खोकी उचलून गाड्यांत रचावयाची, आणि पहाटे सहाला धुक्यातून परतावयाचे. गोदाम नसेल तर उपाहारगृहातील भांडी, वृद्धाश्रमातील रात्रपाळी, अथवा पावसात सायकलवरून घरोघरी जेवण पोहोचविणे. दुपारी उठून तो घरी फोन लावतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात तेथे दुपारचे एक वाजलेले असतात तेव्हा जामखेडला संध्याकाळचे साडेसहा. धारा काढून झालेल्या असतात, देवापुढे दिवा लागलेला असतो. आई विचारते, ‘जेवलास का?’ तो ‘हो’ म्हणतो. आई म्हणते, ‘अभ्यास जास्त असतो का रे? डोळे सुजल्यासारखे दिसतात.’ तो त्यालाही ‘हो’ म्हणतो. फोनच्या चौकटीत मागची भिंत तेवढी दिसावी, खोलीतल्या तीन गाद्या दिसू नयेत, इतकी काळजी तो घेतो.

ह्या खोटेपणाबद्दल त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या नावाचा फ्लेक्स चौकात लागलेला आहे. तो खरे बोलला तर अप्रतिष्ठा त्याच्या एकट्याची होत नाही, घराची होते. म्हणून पहिला गेलेला दुसऱ्याला सावध करीत नाही, आणि दुसरा तिसऱ्याला. ऊसतोडीच्या फडावरचा मजूर निदान आपल्या पोटच्या पोरापासून आपले कष्ट लपवीत नाही; त्याची पोरे त्याच फडावर पाचटाच्या कोपीत झोपतात. येथे कष्ट तेच, परंतु त्यांवर पदवीदानाचा झगा पांघरलेला.

आता या व्यवहाराचा हिशेब मांडणे क्रमप्राप्त आहे, कारण हिशेबाच्या वेळी सल्लागाराची वाणी फारच रसाळ होते. ब्रिटनमधील सामान्य विद्यापीठात एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे शुल्क पंधरा ते वीस हजार पौंडांच्या घरात असते. पौंड शंभर रुपयांच्या वर गेलेला आहे. व्हिसासाठी लंडनबाहेर राहणाऱ्यास दरमहा १,१०० पौंडांहून अधिक, अशी नऊ महिन्यांच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, व्हिसाचे शुल्क, विमानभाडे. पंचवीस लाखांच्या खाली हे प्रकरण सहसा मिटत नाही. सल्लागार म्हणतो, ‘काळजी करू नका, अर्धवेळ नोकरीत सारे निघते.’ नियम असा आहे की सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही. तेथील किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड ठरले. वीस तासांचे आठवड्याला सुमारे २४४, म्हणजे महिन्याला हजारापेक्षा थोडे अधिक पौंड होतात. ब्रिटिश सरकार स्वतःच सांगते की महिन्याचा राहण्या-जेवणाचा खर्च १,१०० पौंडांहून अधिक आहे. मग ‘सारे निघते’ ते कशातून? शुल्क तर दूरच. काम रोज मिळाले, एकही पाळी बुडाली नाही, तरीही पोटाचा खर्च भागत नाही. जेथे आकडे जुळत नाहीत तेथे मुलगा वीस तासांची मर्यादा ओलांडतो. रोखीत, किमान वेतनाहून कमी दराने, अंधाऱ्या स्वयंपाकघरात. आणि एकदा मर्यादा ओलांडली की तो मालकाच्या मुठीत जातो, कारण तक्रार करावयास गेला तर व्हिसा जाणार तो त्याचाच.

पैसा उभा करण्याचा मार्ग तर त्याहून कठीण. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला राष्ट्रीयीकृत बँका सामान्यतः तारण मागतात, आणि येथेच ग्रामीण माणसाची कोंडी होते. शहरातल्या नोकरदाराची सदनिका तारण चालते. शेतकऱ्याची शेतजमीन मात्र या कर्जासाठी बहुतेक बँका स्वीकारत नाहीत. घर गावठाणात, त्याचे कागद धड नाहीत. म्हणजे ज्याच्याजवळ केवळ काळी आई आहे, त्याला ती विकावी लागते, किंवा विनातारण कर्ज देणाऱ्या खासगी वित्त कंपनीकडे चढ्या व्याजाने जावे लागते. पंचवीस लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता ३४ हजारांच्या पुढे जातो. शिक्षणाच्या काळात हप्ता नसतो, हे सांगितले जाते. व्याज मात्र त्या काळातही चढत असते, हे बारीक अक्षरांत असते. आणि खात्यात २८ दिवस रक्कम ‘दाखविण्या’साठी उसनवारीचा वेगळा धंदा आहेच, पैसा आपला नाही, तो चार आठवडे खात्यात झोपून राहिला एवढ्याचेच व्याज. ही उचल नव्हे तर दुसरे काय? फरक इतकाच की उसाच्या फडावरचा मुकादम मजुराला पैसे देतो, आणि हा मुकादम मजुराकडून पैसे घेतो.

तो दुसऱ्या बाजूनेही घेतो. पाश्चात्त्य विद्यापीठे विद्यार्थी मिळवून देणाऱ्या दलालांना पहिल्या वर्षाच्या शुल्काचा हिस्सा दलाली म्हणून देतात, ही तेथील उघड व्यवस्था आहे. सल्ला विनामूल्य का मिळतो याचे कोडे येथे उलगडते. ज्याला दलाली मिळते तो मुलाला ‘तू जाऊ नकोस, तुझी इंग्रजी अजून कच्ची आहे, येथेच एक वर्ष अनुभव घे’ असे कधी सांगेल? ज्या विद्यापीठाची दलाली जड, ते विद्यापीठ उत्कृष्ट. आणि त्या विद्यापीठांची गरजही समजण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्कावर सरकारने मर्यादा घातलेली आहे. ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून निघते. म्हणजे बीड आणि जामखेडच्या शिवारातील जमीन विकून त्या देशाची विद्यापीठे तग धरतात. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात परदेशातील शिक्षणाच्या नावाखाली पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देशाबाहेर गेली. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त मांडला तेव्हा निदान राज्य परक्यांचे होते.

या दलालांवर अंकुश कोणाचा? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार गवंड्याला किंवा सुताराला नोकरीसाठी आखातात पाठविणाऱ्या एजंटाला सरकारकडे नोंदणी करावी लागते, अनामत ठेवावी लागते. परंतु तो कायदा नोकरीपुरता आहे. तोच एजंट एखाद्या पदवीधराला ‘विद्यार्थी’ म्हणून गोदामात पाठवील तर त्या कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गवंड्याला जेवढे संरक्षण आहे तेवढेही पदवीधराला नाही, ही लज्जास्पद विसंगती आहे.

याची फळे गेली पंधरा वर्षे डोळ्यांपुढे आहेत. २०११ साली कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली नावाचे विद्यापीठ बोगस निघाले आणि तेथील भारतीय विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घोट्यांना गुन्हेगारांप्रमाणे रेडिओ पट्टे बांधले गेले. २०१९ साली मिशिगन राज्यात फार्मिंग्टन नावाच्या विद्यापीठाचा भांडाफोड झाला. ते तर अमेरिकी सरकारच्या यंत्रणेनेच सापळा म्हणून उभारलेले होते, आणि त्यात १२९ भारतीय पकडले गेले. २०२२ च्या प्रारंभी माँट्रियलमधील तीन खासगी महाविद्यालये आर्थिक डबघाईला आली आणि शुल्क भरलेली भारतीय मुले रस्त्यावर आली. २०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रेच बनावट असल्याचे उघड झाले. ती दलालाने दिलेली होती. प्रत्येक वेळी चार दिवस वृत्तपत्रांत मथळे झळकले आणि पाचव्या दिवशी नव्या हंगामाच्या जाहिराती.

युक्रेनची कथा तर विसरता येण्याजोगी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले तेव्हा सुमारे अठरा हजार भारतीय विद्यार्थी, बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे, त्या देशात होते. भारत सरकारने ‘ऑपरेशन गंगा’ राबवून त्यांना परत आणले. तळघरांत पाणी पुरवून पिणाऱ्या त्या मुलांना तिरंगा दाखवून सीमा ओलांडता आल्या, हा अभिमानाचा विषय आहे. परंतु त्यानंतर विचारावयाचा प्रश्न कोणी विचारला नाही. इतकी मुले खारकीव्ह आणि सुमीला गेलीच का? येथील शासकीय जागा अपुऱ्या, खासगी महाविद्यालयांचे शुल्क कोटीच्या घरात, आणि मध्ये दलाल. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी असलेल्या परीक्षेत जून २०२३ च्या सत्रात शंभरातील जेमतेम दहा उत्तीर्ण झाले. उरलेल्या नव्वदांच्या घरी काय चालले असेल, याची कल्पना करावी.

या चर्चेत एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. थोर थोर पुरुष परदेशी शिकले. मग आजच्या मुलांनाच उपदेश का? युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो, म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे. त्या थोरांचा परदेशातील दिवस कसा जात होता?

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याच्या बंदरातून निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी लुगडे सोडले नाही, आणि त्या गोठविणाऱ्या थंडीतही आपला शाकाहार सोडला नाही. प्रकृती ढासळत गेली, तरी मार्च १८८६ मध्ये एम.डी. होऊनच त्यांनी अमेरिका सोडली. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती असताना फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. हालअपेष्टा त्यांनीही सोसल्या, आजच्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक. परंतु त्या हालअपेष्टांतला प्रत्येक तास शवविच्छेदनाच्या मेजापाशी आणि ग्रंथांपाशी गेला. शेवटी परतावयाचे कोठे आणि कोणासाठी, हे जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी ठरलेले होते.

शिष्यवृत्तीची अट काय असावी, याचा धडा श्यामजी कृष्णवर्मा यांनी घालून दिला. त्यांनी भारतीय तरुणांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या त्या या वचनावर की परतल्यावर इंग्रज सरकारची चाकरी पत्करावयाची नाही. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने त्यातील शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन विनायक दामोदर सावरकर १९०६ साली लंडनला गेले. ते कायद्याचे विद्यार्थी होते, परीक्षाही उत्तीर्ण झाले. परंतु राजद्रोही म्हणून १९०९ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारली. पदवी मिळाली नाही, आणि तरीही लंडनमधल्या त्या वर्षांना कोणी वाया गेली असे म्हणेल का? इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून त्यांनी इंग्रजांच्याच कागदपत्रांतून १८५७ चा इतिहास उभा केला.

आणि याच जिल्ह्यातील पारनेरचे पांडुरंग महादेव बापट! डेक्कन महाविद्यालयातून पदवीधर झालेला हा तरुण मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेला. तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध त्याने जाहीर भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. परक्या देशात, कडाक्याच्या थंडीत, खिशातला आधार एका भाषणापायी गेला. आजच्या हिशेबी मनाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. त्या वेड्याने पुढे पॅरिस गाठून रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या आत्मसात केली आणि १९०८ मध्ये तो स्वदेशी परतला. मुळशीच्या धरणग्रस्त शेतकऱ्यांच्या लढ्याने त्याला ‘सेनापती’ ही पदवी दिली. ती एडिंबरोने दिलेली नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याने मुखोद्गत करावे असे. १९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. संस्थानाची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. ग्रंथांची पेटी ज्या जहाजातून येत होती ते पाणतीराने बुडाले. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून, पै-पै साठवून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तेथील त्यांचा दिवस पाहावा. अपुरे अन्न, घरमालकिणीच्या खाणावळीतली मोजकी पावाची चकती, आणि सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत अखंड वाचन. भूक त्यांनाही होती; पण भुकेवर उपाय म्हणून त्यांनी तास विकले नाहीत. १९२३ साली ते अर्थशास्त्रातील डी.एस्सी. झाले. किंग हेन्रीज रोडवरील त्यांचे निवासस्थान २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने खरेदी केले. तेथे जाऊन छायाचित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या घरातल्या रात्री कशा सरल्या याचाही थोडा विचार करावा.

म्हणजे कष्टाला कोणाचीच ना नव्हती. कष्टांत तास कोणाचे आणि काम कोणाचे, हा भेद आहे. पूर्वी ‘बुद्धिगळती’ची ओरड होत असे. आजच्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत तो शब्दही लागू पडत नाही, कारण त्यांची बुद्धी तेथे कोणी वापरतच नाही. वापरले जातात ते हात. त्या देशांत लोकसंख्या म्हातारी होत आहे, रात्रपाळीला माणसे मिळत नाहीत, आणि स्थलांतरितांना राजरोस बोलावले तर मतदार चिडतात. तेव्हा विद्यार्थ्याचा व्हिसा द्यावा, शुल्क आगाऊ घ्यावे, दोन वर्षे राबवावे आणि वारा फिरला की दार लावून घ्यावे. दार लावलेही जात आहे. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून सामान्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्यास बंदी केली, कॅनडाने त्याच वर्षी परवान्यांवर मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने व्हिसाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये १,६०० डॉलरवर नेले. तो त्यांचा अधिकार आहे. प्रत्येक राष्ट्र आपले हित पाहते. आपले हित कोणी पाहावयाचे?

याचे उत्तर शोधण्यास जामखेडकरांना फार दूर जावे लागत नाही. १९६० च्या दशकात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य अमेरिकेत शिकत होते. वेल्लोरची वैद्यकीय पदवी, त्यावर अमेरिकेतील रुग्णालयांतले प्रशिक्षण, त्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण. तेथेच स्थायिक झाले असते तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु बाल्टिमोरमध्ये शिकतानाच त्यांनी दुष्काळी खेड्यांसाठी आरोग्यप्रकल्पाची आखणी केली आणि १९७० साली ते जामखेडला येऊन राहिले. त्यांनी गावोगावच्या निरक्षर, बहुतांश दलित आणि परित्यक्ता स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. पाणी, आहार, बाळंतपण, लसीकरण या साऱ्यांचे ज्ञान त्या बायांच्या हाती सोपविले. प्रारंभी प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. वीस-पंचवीस वर्षांत ती संख्या तिसाच्या खाली आली. १९७९ मध्ये या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रद्धेने ते ख्रिस्ती होते. परंतु परदेशी विद्या स्वदेशाच्या मातीत कशी रुजवावी याचा विचार करताना त्यांचे उदाहरण टाळणे हा करंटेपणा ठरेल.

आणि गंमत पाहावी. अमेरिका-ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांचे विद्यार्थी आज सार्वजनिक आरोग्य शिकण्यासाठी जामखेडला येतात. त्यांच्या दृष्टीने परदेशातले शिक्षणाचे गाव म्हणजे जामखेड! ते येथे जमिनीवर मांडी घालून बसतात, भाकरी खातात, दुभाष्याच्या मदतीने आरोग्यसेविकेचे बोलणे टिपून घेतात. ज्या बाईला शाळेची पायरी माहीत नव्हती, तिच्यापुढे पदवीधर गोरा विद्यार्थी वही उघडून बसतो. तो येथे भांडी घासावयास येत नाही. त्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे त्याला ठाऊक असते, आणि काम झाले की तो आपल्या देशी परततो. त्याच गावातून त्याच वेळी आपला मुलगा पंचवीस लाखांचे कर्ज डोक्यावर घेऊन निघतो, आणि कशासाठी निघालो हे त्याला विचारले तर अभ्यासक्रमाचे नावही त्याला नीट सांगता येत नाही. ते दलालाने निवडलेले असते.

दोष एकट्या दलालावर ढकलून मोकळे होता येणार नाही. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्राध्यापकांची हजारो पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवणारे शासन दोषी आहे. तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात राबणारा प्राध्यापक पाहून कोणत्या मुलाला येथे शिकावेसे वाटेल? ‘परदेशात असतो’ एवढ्या एका वाक्यावर मुलाचे लग्न जुळविणारा समाज दोषी आहे. राष्ट्रभक्तीची भाषणे ठोकून स्वतःच्या मुलाला दलालाच्या दारात नेणारे सुशिक्षितही दोषी आहेत, मग ते कोणत्याही विचाराचे असोत.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मस्थान चौंडी हे याच तालुक्यात. त्यांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीला झाली. हिशेबात पैचीही गफलत खपवून न घेणाऱ्या त्या राज्यकर्तीच्या गावी येणाऱ्या मंत्र्यांकडे जामखेडकरांनी दोन गोष्टी मागावयास हव्यात. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाची राज्यात सक्तीची नोंदणी व्हावी. त्याने कोणत्या विद्यापीठाकडून किती दलाली घेतली हे पालकाला लेखी द्यावे आणि फसवणुकीची भरपाई त्याच्या अनामतीतून व्हावी. दुसरे असे की अनुसूचित जातींच्या मुलांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि ती जागतिक क्रमवारीतील वरच्या विद्यापीठांसाठीच मिळते. तो कस सर्वच गुणवंतांसाठी लावून शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवावी, म्हणजे जावयाचे ते योग्य ठिकाणी जातील.

तोपर्यंत पालकांनी दलालापुढे बसताना साधे प्रश्न विचारावेत. या अभ्यासक्रमातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या पाच भारतीय मुलांचे दूरध्वनी क्रमांक देता का? त्यांतील किती जण शिकलेल्या विषयात काम करतात? तुम्हाला या प्रवेशामागे किती मिळणार? ब्रिटनमधील जानेवारीच्या प्रवेशांची कागदपत्रे दिवाळीच्या आगेमागे तयार होतात. त्याच दिवसांत खर्डा आणि जामखेडच्या रस्त्यांवरून ऊसतोडीच्या मालमोटारी भरून निघतात, आणि त्यांत बसलेल्या प्रत्येक कोयत्याला आपण किती उचल घेतली आणि ती कशी फिटणार, हे पैशा-पैशाने पाठ असते.